रंग न दिलेली सायकल

शाळेच्या आवारात, हँडलला झेंडूचा हार घातलेली माझी सायकल नर्सबाईंनी सगळ्या शिक्षकांसमोर लोखंड कापायच्या करवतीने कापली. एकाच जागी कापली, पण आरपार. तो आवाज अजूनही मला दातांत जाणवतो. मुख्याध्यापकांच्या हातात नारळ होता. त्यांनी तो फोडला नाही आणि खालीही ठेवला नाही. मी स्वतः त्या वेळी काय केले, हे मला आठवत नाही. मोठा धक्का बसला की माणूस काहीतरी करतो असा आपला समज असतो. माझा अनुभव असा, की तो नुसता उभा राहतो.

हा प्रसंग नीट समजायचा तर आधी नर्सबाई समजल्या पाहिजेत.

अमडापूरच्या शाळेत गणित शिकवायला मी रुजू झालो, तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारी गेलो होतो. त्या सेवानिवृत्त आरोग्यसेविका. त्यांचे यजमान खिडक्या-दरवाजे आणि लोखंडी फाटके करत. ते वारले, मुलगी सासरी गेली, आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅसची टाकी, झाळायची नळी, शेगडी आणि लोखंड आवळून धरायचा मोठा व्हाइस तेवढा राहिला. निवृत्तीनंतर बाईंनी त्या शेडमध्ये सायकली दुरुस्त करायला आणि पुढे नव्याने बांधायला सुरुवात केली. गावात त्याचे कोणाला नवल उरले नव्हते. मला मात्र पहिल्या दिवशीच नवल वाटले. पांढरे पातळ, त्यावर कातडी एप्रन, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात निळी ज्योत, आणि मागच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर.

त्यांनी ज्योत बंद केली, चष्मा वर सरकवला आणि गाव विचारले. मी संग्रामपूर तालुक्यातल्या माझ्या खेड्याचे नाव सांगितले. त्यांनी माझ्या डाव्या पायाकडे पाहिले. तो पाय लहानपणच्या पोलिओने बारीक झालेला आणि उजव्यापेक्षा आखूड आहे. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग खोलीची किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, “एकच अट हाय मास्तर. शायेतले खडूचे तुकडे फेकायचे नाई. मले आणून द्यायचे.” माझ्याआधी तिघांना त्यांनी खोली नाकारली होती, हे मला नंतर शेजाऱ्यांकडून कळले.

अंगणाला त्या ओपीडी म्हणत. सायकल आत आली की ती ‘अॅडमिट’ होई, काम झाले की तिला ‘डिस्चार्ज’ मिळे. सायकल उलगडताना मालकाने समोर बसलेच पाहिजे असा नियम होता, कारण पेशंटजवळ नातेवाईक लागतो. आणि उलगडणे म्हणजे पूर्ण उलगडणे. चाके, चेन, पुढचे चाक धरणारा चिमटा तर निघेच, पण छर्रेसुद्धा एकेक करून रॉकेलच्या परातीत पडत. परवानगी विचारण्याची पद्धत मात्र त्यांच्याकडे नव्हती. एकदा दूधवाला चहाला टेकला. त्याच्या सायकलीचा कुईकुई आवाज बाईंना सहन होईना. त्याने बशीतला शेवटचा घोट घेतला तेव्हा सायकल परातीत होती आणि दुधाचे कॅन भिंतीशी उभे होते.

“बाई,” तो म्हणाला, “आता हे दूध मी काय डोक्यावर नेऊ?”

“न्या ना. इतके दिस तिनं तुमाले नेलं, तवा ते बोलली का?”

तो खरोखर कॅन घेऊन पायी गेला. दुसऱ्या दिवशी सायकल घेताना त्याने चाक फिरवले, आणि ते इतका वेळ फिरत राहिले की त्याने घाबरून हात लावून थांबवले.

बाईंच्या हनुवटीवर एक आडवा जुना व्रण होता. त्याबद्दल कोणी विचारले की प्रत्येकाला वेगळी हकिकत मिळे. मला बोकडाची मिळाली. आमच्या शिपायाला सासूने फेकलेल्या पितळी तांब्याची मिळाली. चित्रकलेच्या सरांना त्यांनी सांगितले, की ड्युटीवर डुलकी लागून टेबलावर आपटले. एकदा आम्ही तिघे शाळेत बसून या हकिकती पडताळत होतो. “बे, आपल्या तिघायले तीन सांगतल्या,” चित्रकलेचे सर म्हणाले. पुन्हा विचारायला गेलो तेव्हा चौथी मिळाली. तिच्यात विहिरीची पायरी होती.

आता त्यांच्या कामातली मुख्य गोष्ट सांगतो. त्या नव्या बांधलेल्या सायकलीला रंग देत नसत. जुन्या सायकलींच्या नळ्या कापून, माणसाच्या मापाने पुन्हा जोडून त्या सांगाडा तयार करीत. जोडाच्या जागी पितळ वितळवून झाळ भरीत. आणि मग त्या उघड्या लोखंडाला तेलाचा बोळा फिरवून सायकल मालकाच्या स्वाधीन करीत. एक पावसाळा ती तशीच चालली पाहिजे. अधूनमधून तपासणीला आली पाहिजे. त्यानंतर काय रंगरंगोटी करायची ती करा. दुसरबीडचा एक तरुण सायकलवर पार समुद्रापर्यंत जाण्याच्या तयारीत होता. त्याच्यासाठी त्यांनी लांब पल्ल्याची सायकल बांधली होती. आधी त्याला स्टुलावर बसवून पाठ कुठे दुखते, भूक केव्हा लागते, झोपताना कोणत्या कुशीवर, इतके सगळे विचारले. तो ती उघडी सायकल घेऊन निघाला, तेव्हा वाटेत प्रत्येक ढाब्यावर त्याला एकच प्रश्न आला : रंग खरवडलाय, चोरीची आहे का? परत येऊन त्याने तक्रार केली. बाई म्हणाल्या, “कापडं घालून आलेलं पेशंट मी कसं तपासू? जखम कुठी हाय ते दिसाले पाह्यजे.”

तपासणी अशी. जोडाजवळचे लोखंड पुसून त्यावर रॉकेल लावायचे. थोडा वेळ थांबायचे. मग ते कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसायचे आणि वरून पांढरा खडू घासायचा. लोखंड धड असेल तर खडू पांढरा राहतो. बारीक चीर असेल तर तिच्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि खडूवर ओली काळसर रेघ उमटते. डोळ्यांना न दिसणारी चीर अशी दिसते. मी हा प्रयोग पुढे वर्गातही करून दाखवला. फळ्यावर लिहून उरलेल्या माझ्या तुकड्यांचा त्यांना काय उपयोग, हे मला असे समजले.

माझी सायकल ही कल्पना बाईंची. मला सायकल येत नव्हती, कारण डावा पाय पायडलपर्यंत पोचत नसे आणि पोचला तरी रेटत नसे. गावी असताना ताई मला कॅरियरवर बसवून शाळेत नेई. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, आणि तिने स्वतःची शाळा सोडल्यावरही मला सोडायला यायचे थांबवले नाही. दरवर्षी भाऊबीजेला मी एसटीने तिच्या सासरी जातो. ते गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या गावाजवळच आहे. फाट्यावर उतरलो की ती कोणालातरी मोटारसायकल घेऊन पाठवते. एकदा बोलता बोलता मी बाईंना म्हणालो, की आयुष्यात एकदा तरी ताईच्या दारात स्वतः सायकल चालवत जाऊन उतरावे अशी इच्छा आहे. मी ते विनोदाने म्हणालो होतो. बाईंनी टेप काढली.

“बसा. दोन्ही पाय मोजू द्या.”

मापे घेताना त्यांनी विचारले, डोस घेतले होते का. मी आईकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. मी तान्हा असताना गावात पोलिओचे डोस पाजायला एक नर्स आली. बाया लेकरे घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्या नर्सने सगळ्यांसमोर औषध जमिनीवर ओतून दिले आणि निघून गेली. पुढच्या फेरीआधीच मला ताप आला. आई त्या बाईला शेवटपर्यंत डाकीण म्हणत असे.

बाईंनी टेप पुन्हा लावली आणि घेतलेलेच माप पहिल्यापासून घेतले.

ती सायकल तयार व्हायला उन्हाळा गेला. पाय टाकून चढायला लागू नये म्हणून मधली दांडी खाली झुकवलेली. डाव्या पायडलची क्रँक आखूड केलेली, म्हणजे तो पाय लहान वर्तुळात फिरेल. डाव्या पायडलवर सागवानी ठोकळा आणि पाऊल धरून ठेवायला चामड्याचा पट्टा. मी अंगणात पडलो, गल्लीत पडलो, बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या साक्षीने पडलो. बाई ओट्यावरून सूचना देत. “खाली काऊन पाहून राह्यले मास्तर? रस्ता समोर हाय.” पावसाळ्यात मी शाळेत सायकलने जाऊ लागलो. त्या वयात मला जो आनंद झाला, तो सांगायला मी इथे जागा घेत नाही.

दर महिन्याला खडू घासला जाई. दर महिन्याला तो पांढरा राही. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीजेला निघायचे ठरले. खामगावकडचा उतार, मग शेगाव, मग पुढे सपाट रस्ता. निघण्याआधी शेवटची तपासणी शाळेतच करू, असे बाई म्हणाल्या, कारण शिक्षकांनी निरोपाचा छोटा कार्यक्रम ठेवला होता.

आणि इथे माझ्या सहकाऱ्यांनी प्रेमापोटी एक गोष्ट केली. माझी ‘नागडी’ सायकल सगळ्यांच्या थट्टेचा विषय होती. बहिणीच्या दारात असे कळकट लोखंड घेऊन जाऊ नये, असे त्यांना मनापासून वाटले. आदल्या दिवशी फोटो काढायच्या निमित्ताने चित्रकलेच्या सरांनी ती ठेवून घेतली. सकाळी आवारात मोरपंखी निळ्या रंगाची एक सायकल उभी होती. दांडीवर पांढऱ्या अक्षरांत माझे नाव होते. मी ती आधी ओळखलीच नाही, डाव्या पायडलवरच्या ठोकळ्यावरून ओळखली.

बाई फाटकातून आल्या. पिशवीत रॉकेलची बाटली, फडके, हत्यारे. सायकल पाहून त्या जागीच थांबल्या. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पिशवीतून पाते काढले.

“बाई, हात नका लावू,” चित्रकलेचे सर म्हणाले, “रंग अजून ओला हाय.”

“मंग लवकर निघीन,” बाई म्हणाल्या.

हँडलखालच्या जोडावरचा निळा रंग त्यांनी खरवडला. सरांचा चेहरा पाहवत नव्हता. मुख्याध्यापक म्हणाले, अहो, मुहूर्त टळतो आहे. बाईंनी रॉकेल लावले, थांबल्या, पुसले, खडू घासला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. खडू पांढरा होता. मग त्या पांढऱ्यावर केसाएवढी एक रेघ आली. ती वाढली आणि जोडाच्या कडेने अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन थांबली.

मुख्याध्यापक म्हणाले, की तो पात्याचा ओरखडा असेल. बाईंनी सारे पुसले आणि सगळी कृती पुन्हा केली. रेघ त्याच जागी पुन्हा आली. मागच्या तपासणीनंतर मी सरावासाठी सामान लादून चिखलीला जाऊन आलो होतो. त्यात जोडाने दगा दिला असावा. रंगाखाली ती रेघ कोणालाही दिसली नसती. आणि जोड सुटला असता तेव्हा मी खामगावच्या उतारावर असतो.

मग त्यांनी करवत काढली. मी एवढेच म्हणू शकलो, की पुन्हा झाळता येईल ना?

“तेच तं. कोनीतरी झायून घीन, वर रंग मारीन अन् चालवत राहीन.” करवत चालू झाली. नळी तुटून सायकलीची मान खाली पडली, हार तसाच राहिला. बाई उठल्या. सगळ्यांकडे पाहून म्हणाल्या, “झाय माह्या हातची हाय. ताव कमी पडला. सरांचा दोष नाई.” आणि पिशवी उचलून गेल्या.

संध्याकाळी मी घरी गेलो तेव्हा त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी रागावलेला होतो. ते लपवले नाही. चीर दाखवलीत, जीव वाचवलात, कबूल आहे, पण माझी एवढी हौस होती, सगळ्यांसमोर असे कापायची काय गरज होती, असे मी विचारले. त्यांनी मला समोर बसायला सांगितले.

“मास्तर, तुमची माय खोटं नाई बोलली. ते औषध मीच सांडलं.”

मला वाक्याचा अर्थ लागायला वेळ लागला. त्या थांबल्या नाहीत.

“नवी नोकरी व्हती. सायकल जुनीच, पन मी हौसेनं हिरवा रंग देऊन घेतला व्हता. तुमच्या गावाच्या अलीकडं मान तुटली. रंगाखाली चीर व्हती, मले कशी दिसीन? मी हनवटीवर पडले. औषधाच्या डब्याचं झाकन उडालं, बर्फ मातीत. उन्हायाचे दिवस. तशीच पायी गावात आले. रांग लागली व्हती. शिशी काढली तं शिशी तशीच. तोच गुलाबी रंग.” त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. “गरम झालेलं औषध बाद, पन वरून तसंच दिसते मास्तर. पाजलं असतं तं कोनाले समजलं नसतं. बाया खूश, मी बी खूश. लेकरायले डोस झाला म्हनून सारे बेफिकीर राह्यले असते.”

“आणि पुढची फेरी?” मी विचारले.

“महिन्यानं.”

पोलिओच्या तापाने मला त्या महिन्यातच धरले होते. बाई म्हणाल्या, की गावाचे नाव ऐकले आणि पाय पाहिला, तेव्हाच त्यांनी ओळखले होते, किंवा भ्यायल्या होत्या. खोली त्याच क्षणी दिली. मी उठून आत गेलो आणि दार लावले. याहून अधिक काही मला करता आले नाही. बोकड, तांब्या, टेबल, विहीर, या सगळ्या हकिकती एकामागून एक माझ्या डोक्यात येत होत्या, आणि त्यांच्या मागे लहानपणापासून ऐकलेली ती डाकीण.

भाऊबीजेला मी एसटीनेच गेलो. ओवाळून झाल्यावर ताईला सगळे सांगितले. ती हातातले निरांजन तसेच धरून ऐकत होती.

“मी व्हती ना तिथी,” ती म्हणाली. “तुले कडेवर घेऊन रांगेत मीच उभी व्हती. मायनं तुले एक गोष्ट कधी नाई सांगतली. त्या बाईच्या हनवटीतून रगत गयत व्हतं. पातळ भिजलं व्हतं. मी म्हनलं, पानी देऊ का? तं म्हने, पयले हे सांडू दे बाई, नाई तं कोनी पाजीन.”

मग ती म्हणाली, “माय तिले शिव्या द्यायची. मी लहान व्हती. मी काय बोलू?”

मी गणिताचा शिक्षक आहे. एका चुकलेल्या फेरीवर एक पाय टाकता येत नाही. डोस अनेक असतात, त्यातले किती मला मिळाले आणि किती नाहीत हे आता कोणी सांगू शकणार नाही. तो डोस मिळूनही ताप आला असता किंवा आला नसता. हे सगळे मी सुट्टी संपल्यावर बाईंना ओट्यावर बसून व्यवस्थित समजावले, वर्गात समजावतो तसे. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “झालं? आता चिमटा धरा. नवी नळी बसवाची हाय.”

तो दुसरा सांगाडा पहिल्याहून वेगळा नव्हता. फक्त या वेळी प्रत्येक जोड तापवताना त्या मला जवळ उभे करीत. पितळ पाण्यासारखे पसरून जोडाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर दिसेपर्यंत ज्योत हलवत नसत. चित्रकलेचे सर अधूनमधून येऊन बसत. रंगाचे नाव कोणी काढत नसे. ती सायकलही एक पावसाळा उघडी चालली. वर्षभर खडू पांढरा राहिला.

पुढच्या दिवाळीत पहाटे निघालो. मी बाईंना बरोबर चला म्हणालो. त्यांना रस्ता माहीत होता आणि सायकल माझ्यापेक्षा चांगली येत होती. “मी काऊन येऊ? भाऊ तुमी हा,” म्हणून त्यांनी तो विषय संपवला. मात्र पिशवीत रॉकेलची छोटी बाटली, फडके आणि खडूचा एक तुकडा टाकला. उतार संपला की थांबायचे आणि स्वतः पाहायचे, हा हुकूम.

उतार संपल्यावर मी बाभळीखाली थांबलो. लावले, थांबलो, पुसले, खडू घासला. रस्त्याने जाणारे ट्रक ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होते. परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलांना धीर धरायला मी नेहमी सांगत आलो आहे. तो धीर काय असतो हे मला त्या बाभळीखाली कळले. खडू पांढराच राहिला.

ताई दारात उभी होती. मी शेवटचा चढ डाव्या पायाने रेटून आलो आणि कोणाचाही हात न धरता उतरलो. तिने पदराने जोडावरचा खडू पुसला आणि मग मलाच विचारले, की रंग नाई देला का?

मी बाईंना फोन लावला. “बाई, पोचलो.”

“खडू?”

“पांढराच राहिला.”

“मंग ठेवा फोन. फराळ करा.”

मी ठेवणार होतो. पण ताईने फोन माझ्या हातातून घेतला. तिचा आवाज अगदी सरळ होता, जणू काल भेटलेल्या बाईशी बोलत आहे.

“सिस्टर, मी त्या पोराची बहीन. तवा पानी विचारलं व्हतं ना तुमाले. तुमच्या हनवटीचं कसं हाय आता?”

मी जवळच उभा होतो. आता बोकड येतो की विहिरीची पायरी, की आणखी काही नवीन, याची मी वाट पाहत होतो. पलीकडे शेडमध्ये कुठेतरी चाक फिरत होते, त्याचा टिकटिक आवाज तेवढा येत राहिला. मग तोही थांबला, आणि नर्सबाई हळू आवाजात म्हणाल्या, “भरलं बाई. आता दुखत नाई.”